नाव गुप्त ठेवावे

मला राग आलाय, आणि दोन महिने झाले तरी तो उतरलेला नाही. ख्रिस्ती बाईने असा राग धरून बसू नये, असं मला आतापर्यंत सात जणींनी सांगून झालं. त्यातल्या चौघींवरच तर तो आहे. माझा स्वभाव मुळातच तापट. तीस वर्षं धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर होते, तिथे डॉक्टरसुद्धा माझ्याशी जरा जपून बोलायचे. पण हा राग तसला नाही. तसला राग चहाचा कप होईपर्यंत टिकतो.

धुळ्याच्या देवपूर भागात आम्ही दोघीच राहतो, मी आणि माझी मुलगी. हे जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, फार्मसीचा डिप्लोमा केलाय, इथल्याच एका मेडिकलवर बसते. दिसायला त्यांच्यावर गेलीय आणि बोलायला माझ्यावर, तिचं नशीब. नववीत असताना तिला पहिली फिट आली. शाळेच्या मैदानात, प्रार्थनेच्या रांगेत. तेव्हापासून गोळ्या सुरू आहेत, सकाळी आठला एक आणि रात्री आठला एक. गेली तीन वर्षं एकदाही फिट आलेली नाही. तीन वर्षं! हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात या तीन वर्षांचं नाव कुणी घेतलं नाही.

फिट म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. वॉर्डात आम्ही रोज बघायचो. साक्रीकडच्या डोंगरातली माणसं पेशंटला खाटेवर घालून आणायची आणि नाकाला चप्पल लावून बसायची. मी ओरडायचे, "आधी ती चप्पल काढा! कुशीवर वळवा त्याला. आणि लपवू नका, चारचौघांत सांगा, गोळी चुकवू नका. हा शाप नाही, आजार आहे." शेकडो लोकांना सांगितलं असेल. आणि घरी स्वतःच्या पोरीच्या गोळ्यांचा डबा पाहुणे आले की मीच उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवायचे. ती बघायची.

मी भित्री नाही, पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली होती. एक नवी सून, हातात लग्नाचा चुडा, सासरी पहिली फिट आली म्हणून तिला आमच्या वॉर्डात आणलं. सासरची माणसं तिला भरती करून चहा प्यायला म्हणून खाली गेली ती परत आलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी बाप आला आणि पोरीला घेऊन गेला. तिला जेवण मी भरवत होते. ती एवढंच विचारायची, "सिस्टर, ते आले का?" तेव्हा माझी मुलगी नववीत होती, आणि ती भीती तेव्हापासून माझ्या मनात बसली ती बसलीच.

तर स्थळ आलं अमळनेरचं. आता आम्ही ख्रिस्ती लोक खानदेशात आहोत तरी किती? धुळं, अमळनेर, जळगाव, साक्रीकडची दोनचार गावं, सगळी एकमेकांची सोयरी. एका घरात भाजी करपली तर दुसऱ्या घरात वास येतो. त्यात सत्तावीस वर्षांच्या मुलीला आपल्यातलं, शिकलेलं, दारू न पिणारं स्थळ म्हणजे काय ते मुलींच्या आयांना विचारा. मुलगा मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला. वडील निवृत्त मास्तर, त्यांच्या चर्चच्या मंडळीचे पंच. आई गाणाऱ्या बायकांत पुढे. ते लोक आमच्याकडे आले, मी वरण-बट्टी केली, घोटलेली वांगी केली. माणसं जेवली. मग रीतीप्रमाणे मुलाला आणि मुलीला दहा मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवलं. खाली उतरली तेव्हा दोघंही हसत होती. मुलाची आई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, आमच्याकडून होकारच समजा. मे महिन्यात साखरपुडा करू, मग तीन रविवार पुकार आणि लग्न."

आमच्यात पुकार असते. लग्नाआधी तीन रविवार देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नावं वाचतात आणि विचारतात, या दोघांच्या लग्नाला कुणाची काही हरकत आहे का. असेल तर आत्ताच बोला. ही रीत मला लहानपणापासून फार आवडायची. त्या दिवशी मात्र तो शब्द ऐकला आणि मला वॉर्डातल्या त्या सुनेचा चुडा आठवला.

सांगायचं होतंच. हे मी देवाला साक्षी ठेवून सांगते, लपवून लग्न लावायचं माझ्या मनात नव्हतं. डॉक्टरांची फाईल मी काढून ठेवली होती, शेवटच्या तपासणीचा कागद वर लावला होता. पहिल्या भेटीत सांगू म्हटलं, पण जेवणात कसं सांगणार? मग म्हटलं, दुसऱ्या भेटीत आपणच अमळनेरला जाऊ तेव्हा. मग जायचा दिवस ठरला तो मीच पुढे ढकलला, पाय दुखतो म्हणून. पाय काही दुखत नव्हता.

आणि मग तो गुरुवार.

गुरुवारी दुपारी चारला आमच्या बायकांची प्रार्थना असते, आळीपाळीने एकेकीच्या घरी. दहाबारा जणी जमतो. दोन गीतं, एक वचन, मग विनंत्या. ज्या बाईला ज्या गोष्टीसाठी प्रार्थना हवी ती तिने सांगायची, एकीने वहीत लिहायची, आणि मग सगळ्यांनी मिळून ती देवापुढे मांडायची. कुणाचा मुलगा परीक्षेला, कुणाच्या गुडघ्याची वाटी, कुणाच्या नवऱ्याची बदली. वीस वर्षं मी त्या वहीत इतरांचीच दुखणी ऐकली. माझं काही सांगायची वेळ आली की मी म्हणायचे, "सगळं ठीक आहे, देवाची कृपा."

त्या दिवशी मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. आमच्या त्या बैठकीच्या मोठ्या म्हणजे अक्का. पंचाहत्तरीच्या, माहेर-सासर दोन्ही साक्रीकडचं. देवपुरात राहून चाळीस वर्षं झाली तरी बोलणं गावचंच. हे गेले तेव्हा आठ दिवस दोन्ही वेळची भाकरी अक्कांच्या घरून आली होती, आणि त्या स्वतः माझ्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय व्हयनं वं माय? तोंड कसाले उतरेल शे?"

मी म्हटलं, "मुलीच्या स्थळासाठी प्रार्थना करा. आणि तिच्या तब्येतीसाठी."

"तब्येतले काय व्हयनं?"

"आहे थोडं."

"मोघम मांगं ते मोघमच भेटी. बठ्ठं सांग."

आणि मी सांगितलं की हो! बठ्ठं सांगितलं. नववीपासूनचं. फिट, गोळ्या, अमळनेर, फाईल, माझी भीती. बोलता बोलता रडलेसुद्धा. बायकांनी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी दिलं. वही लिहिणारी आमची एक शिक्षिका ताई, तिने खाली मान घालून भराभर लिहून घेतलं. मी डोळे पुसून म्हटलं, "हे इथेच राहू द्या बरं का." सगळ्या म्हणाल्या, "अहो, हे काय सांगायला हवं!"

तेवढ्यात चहा आणि भजी आली. घरमालकीण म्हणाली, गार होतील. मग शेवटची प्रार्थना जरा घाईतच झाली, पाऊसपाण्यासाठी आणि पाळकसाहेबांच्या पाठदुखीसाठी. मला त्याचं काही वाटलं नाही. मला इतकं हलकं वाटत होतं, काय सांगू! बारा वर्षांचं ओझं कुणाच्या तरी डोक्यावर देऊन आले होते. त्या रात्री मी गाढ झोपले. देवावर भार टाकणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. हात्तिच्या, कसला देव अन् कसला भार!

रविवारी दुपारी जेवून आडवी झाले होते. कूलरमध्ये पाणी भरून मुलगी आत गेली होती. फोन वाजला. अमळनेरहून मुलाची आई.

"ताई, सलाम. आज तुमच्या मुलीसाठी आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली हं. उभं राहून."

मला काही कळेना. म्हटलं, "कशासाठी?"

"फिटसाठी," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात. "पाळकसाहेबांनी उपदेशानंतर वाचून दाखवलं. फार छान प्रार्थना केली त्यांनी. आम्ही तिसऱ्या बाकावर होतो."

फोन ठेवला. मी लगेच शिक्षिका ताईला फोन लावला. तिने उचलला नाही. मग मोबाईलवरचा आमच्या बायकांचा ग्रुप उघडला, जो मी कधी उघडत नाही, कारण त्यात सकाळपासून फुलंच येत असतात. गुरुवारी संध्याकाळचा निरोप होता. मला तो आता पाठ आहे. "अर्जंट प्रार्थना विनंती. देवपूरच्या आपल्या एका विधवा भगिनीच्या एकुलत्या एक मुलीला लहानपणापासून फिट येतात. अमळनेर येथे लग्न ठरत आहे. सैतानाच्या या बंधनातून तिची सुटका व्हावी आणि लग्नात विघ्न येऊ नये म्हणून कळकळीने प्रार्थना करावी. नाव गुप्त ठेवावे. पुढे पाठवावे." त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची नुसती रांग.

नाव गुप्त! अगं बाई, नाव सोडून ठेवलंस काय झाकून? गल्ली तेवढी लिहायची राहिली होती. देवपुरात एकुलत्या एक मुलीच्या विधवा आया आमच्या मंडळीत किती? मीच एक! आणि सैतान? तीस वर्षं मी ज्या शब्दाशी वॉर्डात भांडले, तोच शब्द माझ्या पोरीच्या डोक्यावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो निरोप ग्रुपातून ग्रुपात, धुळ्यातून जळगावात, तिथून अमळनेरला, तीन दिवसांत देवळाच्या व्यासपीठावर पोचला होता. आमची एस.टी. इतकी वेळेवर कधी पोचत नाही.

मुलीला सांगायला हवं होतं. आत गेले. ती पलंगावर बसून केस विंचरत होती. मी सगळं सांगितलं, गुरुवारपासून. मध्येमध्ये अक्कांना शिव्या, शिक्षिका ताईला शिव्या. तिने फणी बाजूला ठेवली.

"तू माझं आजारपण दहा बायकांना सांगितलंस," ती म्हणाली.

"अगं, प्रार्थनेसाठी."

"आणि त्या मुलाला सांगायला घाबरत होतीस."

"सांगणारच होते ना! पुढच्या भेटीत."

"त्याला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी, गच्चीवर. पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं मी. गोळीचं नावसुद्धा सांगितलं. तो म्हणाला, मला चालतं, घरी मी हळूहळू सांगतो. मग मी म्हटलं, सांग."

मी पलंगाच्या काठावर बसले. सत्तावीस वर्षांची पोर, परक्या मुलासमोर पाच मिनिटांत जे बोलली, ते बोलायला मी फाईल घेऊन महिनाभर घिरट्या घालत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ तिने कधीच उघडून दाखवली होती. झाकत बसलेली मी एकटी.

मंगळवारी मुलाच्या वडिलांचा फोन आला. मास्तर माणूस, बोलणं एकदम शुद्ध. "ताई, आम्ही हा विषय प्रार्थनेत ठेवला होता. प्रभूची तशी इच्छा दिसत नाही. मनात किंतु ठेवू नका."

मी म्हटलं, "भाऊ, प्रभू काय म्हणाला नेमकं?"

"म्हणजे?"

"नाही, तुमच्याशी बोलला असेल ना. फिट नको म्हणाला, की लोकांना कळलेली फिट नको म्हणाला?"

त्यांनी फोन ठेवला. बरं झालं ठेवला, पुढचं माझ्या तोंडून काय गेलं असतं ते मलाच ठाऊक. नाही म्हणायचं तर नाही म्हणा! माणसासारखं सांगा, की आम्हाला भीती वाटते, आमच्याच्याने होणार नाही. मी समजले असते. भीती मला चांगली ठाऊक आहे. पण नकार द्यायला देवाला शिपाई करून पाठवायचं, आणि आपण मागे हात जोडून उभं राहायचं, ही कसली रीत?

बुधवारी मुलाचा फोन आला, मुलीला. ती ओट्याशी भाजी चिरत होती, फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला. मी जवळच उभी होते, तिने मला घालवलं नाही. तो म्हणाला, त्याला अजूनही चालतंय, पण आईवडील ऐकत नाहीत. सगळ्या देवळासमोर वाचलं गेलं, आता त्यांना तोंड दाखवायला जागा नाही.

"तुला महिनाभर माहीत होतं," ती म्हणाली. "घरी का नाही बोललास?"

"मी प्रार्थना करत होतो. वाटलं, योग्य वेळी देव मार्ग काढेल."

"देवाने मार्ग काढला होता. तोंड तुला उघडायचं होतं." मग सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "हे बघ, तुला मी चालते, पण मला तू नाही चालत. ठेवते." आणि पुन्हा गवार चिरायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही.

त्या चार दिवसांत मी देवाशी जे भांडले ते सांगण्यासारखं नाही. भांडी घासता घासता, कपडे वाळत घालताना, पांझरेच्या पुलावरून चालत भाजीला जाताना. तुझ्याचकडे तर पाठवलं होतं, म्हटलं. मध्येच कसं फुटलं? तुझ्या दारात टाकलेली चिठ्ठी गावभर उडते, मग दार कशाला ठेवलंयस? नवरा नेलास, बोलले नाही. पोरीला हे दुखणं दिलंस, बोलले नाही. वीस वर्षं दर गुरुवारी येऊन बसले. एकदा माझं सांगितलं, एकदाच, तर हे! तो काही बोलला नाही. त्याचा मला जास्तच राग आला. पण तो नाहीच आहे, असं मात्र एकदाही मनात आलं नाही. नसलेल्या माणसाशी कुणी इतकं भांडत नाही.

गुरुवारी प्रार्थना अक्कांच्याच घरी होती. गच्चीवर बिबडे वाळत घातलेले, जिन्यापर्यंत ज्वारीच्या चिकाचा वास. मी गेले तेव्हा गीत चाललं होतं. मी चप्पलही न काढता दारात उभी राहिले. गीत आपोआप थांबलं.

शिक्षिका ताई उठली. "ताई, मी नाव नव्हतं टाकलं हो. गुप्त ठेवा असं लिहिलं होतं."

"बस खाली," मी म्हटलं. "मला भांडायचं नाही." भांडायचंच होतं, पण असं म्हणायची पद्धत आहे. "मला एकच विचारायचंय. माझ्या मुलीसाठी प्रार्थना कुणी केली?"

सगळ्या हातातल्या गीतांच्या पुस्तकात बघायला लागल्या.

"नाही, सांगा ना. इथून अमळनेरपर्यंत निरोप गेला. पुढे कुणी पाठवला ते मला कळलंय, चौघींनी पाठवला. मी विचारते, गुडघे कुणी टेकले? घरी जाऊन, दार लावून, एकदा तरी?"

एक जण म्हणाली, "मी खाली आमेन टाकलं होतं."

"टाकलं होतं! कचरा आहे का टाकायला?"

मग मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. लग्न मोडलं, सांगितलं. सैतान कुणाला म्हणता, सांगितलं. तीन वर्षं माझ्या पोरीला फिट आली नाही, त्याचे आभार कुणी मानले का, विचारलं. एकमेकींची दुखणी चघळायला तुम्हाला देवाचं नाव लागतं, असंही म्हटलं. ते जरा जास्त झालं, पण खोटं नव्हतं. काही जणी रडायला लागल्या. अक्का मात्र भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होत्या.

"तुना भलासाठेच सांगं ना आम्ही बठ्ठास्ले," कुणीतरी मागून म्हणालं.

अक्कांनी हात वर करून तिला गप्प केलं. मग मला म्हणाल्या, "मी प्रार्थना नही करी, माय. भजी उनात, चहा उना, मी इसरी गऊ." त्यांनी दोन्ही हात जोडले. "माले माफ कर."

मी त्यांना माफ केलं नाही. म्हणजे तेव्हा नाही. आठ दिवसांची भाकरी आठवली, तरी नाही. तशीच पाठ फिरवून निघाले. उन्हातून घरी येईपर्यंत एक पाय भाजला, कारण येताना चप्पल एकाच पायात होती आणि दुसरी अक्कांच्या उंबऱ्यात अडकून राहिली होती.

मुलगी मेडिकलवरून आली होती. तिने माझ्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "काय करून आलीस?"

मी सगळं सांगितलं. जरा मीठमसाला लावूनच. गुडघे कुणी टेकले विचारलं तेव्हा त्यांची तोंडं कशी झाली, आमेन टाकणारी कशी वरमली. मुलीला हसू आलं. मलाही बरं वाटलं. आठवड्यात पहिल्यांदा ती हसत होती.

"म्हणजे कुणीच नाही केली?" ती म्हणाली.

"एकीनेही नाही!"

"आणि तू?"

मी पायातली उरलेली चप्पल काढायला वाकले.

"तू केलीस का, आई? त्या गुरुवारनंतर?"

मी आठवायला लागले. गुरुवारी रात्री गाढ झोपले होते. शुक्रवारी काय केलं? शनिवारी? विनंती देऊन आले, वहीत लिहिली गेली, झालं. त्यानंतर मी एकदाही तिच्यासाठी डोळे मिटले नव्हते. रविवारनंतर भांडले खूप, पण ते माझ्यासाठी. माझी फजिती, माझा विश्वास, माझी वीस वर्षं. तिच्यासाठी एक शब्दही मागितला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

ती उठली. बादलीत पाणी घेऊन आली आणि माझा भाजलेला पाय त्यात सोडला. मला सहन होईना. म्हटलं, "आता करते. इथेच करते. बस माझ्याजवळ."

"देवाकडे नंतर," ती म्हणाली. "आधी माझी माफी माग."

मी सगळ्यांकडून माफी मागून घ्यायला निघाले होते. पंचाहत्तरीच्या बाईने मागितली, ती घेतलीसुद्धा नव्हती. आणि जिचं सगळं उघड्यावर पडलं, तिला मी आठवडाभर फक्त इतरांच्या तक्रारी सांगत होते. पोरीची माफी मागायची मला सवय नाही. आमच्या आयांनी आमची कधी मागितली नाही. जीभ उचलेना. शेवटी बादलीतल्या पाण्याकडे बघत म्हटलं, "चुकलं माझं. तुझं होतं ते, मी वाटून टाकलं. आणि डबा पिठामागे लपवत होते, तेही चुकलं."

"हं," ती म्हणाली.  मग माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि माझा हात धरला. "कर आता."

मी डोळे मिटले. राग गेला नव्हता, तो तसाच घेऊन सुरुवात केली. देवा, म्हटलं, मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे, पण ही माझी पोर आहे, हिच्यासाठी आलेय. बैठकीतल्या सवयीने माझा आवाज चढत गेला.

तिने माझा हात दाबला. "हळू, आई," ती म्हणाली. "देव बहिरा नाही. आणि शेजारीही नाहीत."